दोन बॅटऱ्या आणि कच्चा मोतीबिंदू

धाकट्या भावासाठी मुलगी बघायला आम्ही देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका वस्तीवर गेलो, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. भावाला मुलगी पसंत पडली. अडलं ते तिच्या वडिलांपाशी. मुलगा पुण्यात संशोधन करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे कळल्याशिवाय ते होकार देणार नव्हते.

भावाने सांगितलं की पेशीतले काही रेणू चमकतात, पण दोन रेणू मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागापेक्षा जवळ असले तर सूक्ष्मदर्शकात दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. आकडा बरोबर होता, म्हणून मी मान डोलावली.

"म्हंजी यंत्राला मोतीबिंदू हाय," वडील म्हणाले. त्यांना स्वतःला होता. अजून पिकला नाही म्हणून डॉक्टर थांबले होते. "मग काढा की."

तो काढता येत नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे, असं भाऊ म्हणाला. मात्र उजेड टाकून विझवता-पेटवता येणारे रेणू आता सापडू लागले होते. एका वेळी एकच पेटवला तर प्रत्येकाची जागा सांगता येईल. वडिलांना पटेना. भावाने दोन बॅटऱ्या मागितल्या.

दिवेलागणीला मी आणि बायको ठेवणीतल्या कपड्यांत उसाच्या बांधावर उभे राहिलो. मध्ये अंतर दोन फूट; मी टेपने मोजलं. शेजारच्या वस्तीवरून एकाने विचारलं, काय हरवलंय? बायको म्हणाली, "यांची अक्कल."

तिकडे वडील खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून खिडकीच्या काचेशी बसले होते. दोन्ही बॅटऱ्या लागल्या तेव्हा त्यांना एकच पसरट डाग दिसला. मग फक्त माझी लावली. डागाच्या मधोमध त्यांनी काचेवर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका दिला. मग फक्त बायकोची. दुसरा ठिपका पहिल्याच्या शेजारी, पण वेगळा पडला.

आम्ही परतलो तेव्हा ते काचेकडेच बघत होते.

"पेशीत झालं का असं?"

मी भावाला 'हो' म्हणायची खूण केली.

"अजून नाही," भाऊ म्हणाला. "कधी होईल तेही सांगता येत नाही."

वडिलांनी तंबाखूची डबी मिटून खिशात टाकली. मग म्हणाले, "दुपारपास्नं तुमी समदे एकदम पोराचं गुणगान करताय. मला एकच डाग दिसतोय. आता एकेकानं बोला. बाकीच्यांनी विझा."

त्यांनी आम्हाला एकेक करून ओसरीवर बोलावलं. मी त्याचे परीक्षेतले टक्के दशांशासकट सांगितले. बायकोने सांगितलं की तो नऊला उठतो आणि त्याला थाप मारता येत नाही. शेवटी मुलीला बोलावलं. सगळ्यांत कमी वेळ तिलाच लागला. ती आत गेली आणि वडिलांनी साखर मागवली.