पाय दाखवायचा राहिला

“काका, हा डायबेटिक फूट आहे,” पडद्यावरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “आजच शहरात या. उद्या नको.”

डायबेटिक फूट म्हणजे साखरेच्या आजारानं बिघडलेला पाय. साखर वाढून नसा मरतात, त्याला न्यूरोपथी म्हणतात. मग जखम होते, पण दुखत नाही. माझ्या चपलेचा खिळा दिवसभर अंगठ्याखाली रुतत होता आणि मला पत्ता नव्हता. मॅडम बोलत होत्या तेव्हाही मला काही वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा मी बघत बसलो.

मी चितेगावच्या पुढं एका गावात ग्रामपंचायतीचा शिपाई. गावात टेलिमेडिसिन, म्हणजे पडद्यावरून डॉक्टरांना दाखवायची सोय, आली तेव्हा खोली मीच झाडली, टेबल मीच लावलं. रेंज खिडकीपाशीच मिळायची, म्हणून सगळं खिडकीला. पडद्याला हळदकुंकू लावून नारळही मीच फोडला. दर बुधवारी शहरातल्या दवाखान्यातून मॅडम त्यात दिसायच्या. आमच्या नर्सबाई, सुनीताताई, शेजारी उभ्या राहायच्या.

खिळ्याची जखम झाली तशी पट्टी बांधून मीही त्या पडद्यासमोर बसलो. पहिल्या बुधवारी मॅडम म्हणाल्या, “जखम दाखवा.” पाय उचलायचा तर तळवा थेट त्यांच्या तोंडासमोर. एवढं शिकलेलं माणूस, त्यात बाई, आणि त्यांना लाथ दाखवायची? मी म्हणालो, “नुसतं खरचटलंय मॅडम. सुकलं बी.” पुढच्या बुधवारी सुनीताताई लसीकरणाला गेलेल्या. तेव्हाही तेच सांगितलं. “दुखतं का?” मॅडमनी विचारलं. नाही म्हणालो. तेवढं तरी खरं होतं. रीत सांभाळली म्हणून मी खुशीत घरी आलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

तिसऱ्या बुधवारी सुनीताताईंना वास आला. त्यांनी न विचारता पट्टी सोडली आणि माझी टाच धरून पाय पडद्यासमोर नेला.

“अवो ताई, काय करता? मॅडम बघायलेत.”

“बघू द्या, काका. लई उशीर केला तुमी.”

मॅडमनी सांगितलं तसं त्याच दिवशी शहरातल्या दवाखान्यात गेलो. एक्स-रे झाला, मग डॉप्लर, म्हणजे पायात रक्त पोचतं का ते पाहायची तपासणी. बायको फाईल मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहिली. सर्जन म्हणाले, “दोन बोटं जातील. पाय राहील का, ते चार दिवसांनी सांगतो.” बोटं गेली. ते चार दिवस मी पंख्याकडे बघत काढले.

“भ्या वाटतंय का?” बायकोनं विचारलं.

“नाय,” म्हणालो. खरंच वाटत नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला, तो खाल्ला.

पाचव्या दिवशी पट्टी सोडायला मॅडम स्वतः आल्या. माझ्या मुलीएवढ्याच निघाल्या. स्टूल ओढून बसल्या आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी मागं ओढायला गेलो.

“राहू द्या, काका. जखम लाल दिसतेय, म्हणजे रक्त पोचतंय. पाय वाचला तुमचा.”

त्यांचा हात माझ्या तळव्यावरून फिरत होता. मला तो दिसत होता, जाणवत नव्हता. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

साखर असेल तर रोज तळवे बघा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना बघायला सांगा. आणि डॉक्टर पडद्यात असले तरी पाय दाखवा. गावातल्या त्या पडद्याच्या खोलीत म्हातारी माणसं अजून पाय खुर्चीखाली ओढून घेतात. मी त्यांच्यापुढं खाली बसतो आणि स्वतःच्या हातानं त्यांचा पाय वर धरतो.