स्वतःला दिलेला धीर

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांत मी नांदेडहून हैदराबादला कॉलेजात गेलो. तिथं सगळं शिक्षण उर्दूत. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि डोक्यात काहीच नाही, अशी माझी विद्या चालली होती. निघतानाच वडिलांनी बजावलं होतं, "पास झालास तर पुढं शीक. न्हाई तर अर्धापूरला चुलत्याच्या केळीला पाणी दे." केळी मला फक्त खायला आवडत.

परीक्षा जवळ आली तशी छाती धडधडायला लागली. होस्टेलात लातूरकडचा एक थोराड गडी होता. त्यानं उपाय सांगितला, "भ्या वाटलं की सोताशी मोठ्यानं बोलायचं. म्हणायचं, तुला समदं येतंय, लेका. बघ कसं मोकळं वाटतंय." हा गृहस्थ त्याच वर्गात तिसरं वर्ष काढत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कमालीची शांती होती. एवढा पुरावा मला पुरला.

सुट्टीत नांदेडला आलो. पुस्तक उघडलं की भीती वाटे, म्हणून पुस्तक मिटून मी माडीवर स्वतःला धीर देत बसे. खालून आवाज ऐकून आई शेजारणींना सांगे, पोरगं दिवसभर पाठ करून राहिलंय. मला रोज शिरा मिळायला लागला. इतक्या सुखाचा अभ्यास मी पुन्हा कधी केला नाही.

मग रसायनाची तोंडी परीक्षा आली. समोर शेरवानी आणि रूमी टोपीतले वयस्कर परीक्षक. त्यांनी उर्दूत प्रश्न विचारला. मला उत्तर येईना. साहेबलोकांना मराठी कळत नाही, ही आम्हा पोरांची पक्की समजूत, तेव्हा सवयीनं चांगलं मोठ्यानं म्हणालो, "घाबरू नको, लेका. तुला समदं येतंय. हा म्हातारा काय खातोय का तुला?"

त्यांनी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. दर वेळी मी स्वतःला तसाच धीर दिला. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी रेणापूरचा हाय, बाबा," ते म्हणाले. "मघापासून ऐकून राहिलो. तू त्याला लई धीर दिलास. आता जरा उत्तर बी इचार."

लाजेनं माझे कान तापले. तरी मी आत खरंच विचारून पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

चुलता म्हणायचा, त्या साली केळी फार चांगली आली.