मधोमध रेघ पडलेले शर्ट

शर्टाच्या घडीच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. माझ्या वडिलांचं पनवेलात इस्त्रीचं दुकान होतं, त्यामुळे घड्या बघतच मी मोठी झाले. शर्ट पालथा घालायचा, दोन्ही बाजू पाठीवर आणायच्या, बाह्या सरळ खाली सोडायच्या आणि मग खालून दुमडत आणायचा. कपाटात ठेवायला एवढं पुरतं. प्रवासाला न्यायचा असेल तर कॉलरीत गुंडाळलेला बनियन भरायचा, म्हणजे ती चेपत नाही. पाठीच्या मधोमध रेघ पडली तर माझ्या लेखी तो शर्ट वाया गेला.

नवऱ्याला मस्कतच्या बंदरात नोकरी लागली तेव्हा बॅग अर्थातच मी भरायला घेतली. जासईच्या कंटेनर यार्डातलं काम सुटल्यापासून तो घरात बसून झुरत होता. तो लांब जाणार हे मला नकोच होतं, पण नाही गेला तर माणूस खचेल हेही दिसत होतं. त्याच्यासाठी नवे शर्ट आणले. टाचण्या, पुठ्ठे काढून टाकले आणि माझ्या पद्धतीने घड्या घालून बॅगेत रचले.

दोन दिवसांनी बघते तर सर्वांत वरच्या शर्टाच्या पाठीवर मधोमध रेघ. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी कशाला हात लावू? तुझ्या घडीला हात लावायची हिंमत आहे का माझी?" हसला मेला. मी नाही हसले. घरात तिसरं माणूस एकच, माझी सासू.

तशी ती गरीब, पण लेकाच्या बाबतीत तिचा मला भरवसा नव्हता. लग्नाआधी त्याला जहाजावर नोकरी लागली होती. तेव्हा हिने अन्नपाणी सोडून ती मोडायला लावली, हे तिनेच मला अभिमानाने सांगितलेलं. आता मस्कतचं ठरल्यापासून बाई हो नाही की नाही नाही. नुसती खिडकीत बसून मिसरी लावायची. एवढी गप्प राहणारी बाई नव्हे ती. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मग मी पाळत ठेवली. दुसऱ्या शर्टाच्या कॉलरीखाली तांदळाचा दाणा ठेवला, तो संध्याकाळी लादीवर सापडला. शर्ट नाकाला लावला तर मिसरीचा वास. आता मला काही सुचेना. पासपोर्ट उचलून मी पिठाच्या डब्यामागे लपवला. शर्टांचे खिसे उलटे केले, शिवणी चाचपल्या. अंगारा, लिंबू, काय काय मनात आलं. शिकलेली बाई मी, पण संशय एकदा शिरला की शिक्षण बाहेर जाऊन बसतं. वरून तिला चहा देत होते आणि मनात म्हणत होते, या वेळी नाही मोडू देणार, आई.

रोज एक शर्ट बिघडत होता. मी परत घडी घालायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला रेघ. शेवटी एका दुपारी पिशवी घेतली, "बाजारात जाऊन येते" म्हणून सांगितलं आणि खांदा कॉलनीला एक चक्कर मारून लगेच परतले. नवरा बाहेर गेला होता. कुलूप हळूच उघडलं.

सासू आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. लुगड्यावरून लेकाचा पांढरा शर्ट घातलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या पार बोटांच्या खाली लोंबत होत्या. हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. मला बघून दचकली नाही.

"हे काय चाललंय, आई?" माझा आवाज चढलाच.

"घडी मोडतंय," ती म्हणाली. "नवा कपरा घरातल्या मानसाच्या अंगाला लागल्याबिगर उंबऱ्याभाईर जाऊ नाय."

आमच्याकडेही नव्या साडीची घडी नणंदेकडून नाहीतर लेकीकडून मोडून घेतात. पण शर्टाची? मी तसं बोलूनही दाखवलं.

तिने एकेक बटण सोडायला घेतलं. "याचा बा उरणवरशी बोटीव गेला तवा मी नवा सदरा दिलता. मीच बोलले, घडी मोडू नको, परत येशील तवा बंदराव घाल. बोटीवरच्या मानसांनी गठोडं आनून दिलं. सदरा तसाच होता, घडीत. तो नाय आला."

सासरे समुद्रात गेले एवढंच मला माहीत होतं. सदऱ्याचं या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

तिने पांढरा शर्ट मांडीवर घेतला, काठाला काठ लावून लुगड्यासारखा मधोमध दुमडला आणि माझ्याकडे दिला. तिला थांबवायचं नव्हतंच त्याला. तिला तो परत यायला हवा होता, आणि मलाही तेवढंच हवं होतं.

"सगले झाले," ती म्हणाली. मग बॅगेच्या तळातून निळा शर्ट काढला, माझी घडी जशीच्या तशी होती. "याला मी हात नाय लावला. हा तुजा हाय, पोरी."

मी तो ड्रेसवरून चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तिच्या शेजारी बसले. नंतर तो काढून बॅगेत ठेवताना मी तिच्यासारखीच घडी घातली, काठाला काठ लावून, मधोमध.