वेळेवर उठणारा डबा

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना टायमरची नवी चिप हाती लागली आणि मी दीडशहाणा झालो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आटपाडीजवळ मामांकडे गेलो. त्यांच्या विहिरीत पाणी पाझरून हळूहळू साचायचं. पुरेसं साचलं की मामी हाक मारायची आणि मामा मोटर सुरू करायचे. गुडघे धरून विहिरीवर चाललेल्या मामीच्या खेपा पाहून मला तिचा कळवळा आला.

मी एक डबा बनवला. सेल उतरू नयेत म्हणून आतलं सर्किट झोपलेलं असायचं. टायमर त्याला थोड्या थोड्या वेळाने उठवायचा. विहिरीत सोडलेल्या दोन तारांना पाणी लागलं असेल तर बेल, नाहीतर पुन्हा झोप. मामांनी शेजाऱ्यांना बोलावून भाच्याचं कौतुक केलं. मी हवेतच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मामा धावले, मोटर सुरू झाली, मिरचीला पाणी मिळालं. बांधावर कडुलिंबाखाली वस्तीवरच्या पाच-सहा बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. गप्पा मारायला आल्या असतील, असं मला वाटलं. मोटर बंद झाल्यावर त्यांनी बादली सोडली, तर वर नुसता गाळ आला.

संध्याकाळी मामी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाळा, ह्येला जरा उशिरा उठाया शिकीव की रं."

दोन-तीन सुटे भाग जोडले असते तर जमलं असतं. पण माझ्या यंत्रात कुणी खोट काढली की मला मिरच्या झोंबायच्या. ओसरीवरच्या मामांना ऐकू जाईल इतक्या जोरात मी म्हणालो, "उशिरा कशाला? पाणी आलं की उठणं हेच तर त्याचं काम!"

मामा आत आले. "उशिरा कशापायी गं?"

मामीनं मान खाली घातली. "आदी बायास्नी घागरी भरू देत हुते. मग तुमास्नी हाळी."

"कवापास्नं?"

"मोटर बसली तवापास्नं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मामीकडे बघण्याचं धाडस होईना. मामा रागावले नाहीत.

सकाळी उठून मी डबा काढून टाकला. पण त्या दिवसापासून मामा स्वतःच विहिरीवर जाऊन बसू लागले, आणि कडुलिंबाखालच्या घागरी रिकाम्याच राहिल्या.