चुडाव्याचे दोन मारोती

मित्रांनो, आज घडलेलं लिहितो.

मी आठवी नापास. पुण्यात एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर पेशंटची यादी सांभाळतो. आज सकाळी साहेब म्हणाले, "एकच पेशंट दोनदा दिसतोय. टेबलला युनिक लाव. नाव, गाव, जन्मतारीख सारखी असली तर दुसरी नोंद घ्यायचीच नाही."

कमांड दिली तर डेटाबेस ऐकंना. यादीत आधीच मारोती ग्यानोबा, चुडावा, १ जून १९८८ असे दोन होते. मला वाटलं कुणीतरी दोनदा टाईप केलं. एक उडवला. नियम बसला.

तासाभरानं वार्डातून सिस्टरचा फोन आला. "अरे, हा मारोती म्हणतोय हे इंजेक्शन त्याला चालत नाही, मागं जिवावर बेतलं होतं. कॉम्प्युटरवर तर काहीच नाही. देऊ का?"

मी ती जन्मतारीख परत बघितली. आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनच लिहिली. माझी बी तीच हाय! माणसं दोन होती, अन् इंजेक्शनची सूचना असलेली नोंदच मी उडवली होती.

"देऊ नका सिस्टर!" मी ओरडलोच.

कालच्या कॉपीतून नोंद परत आणली. तो नियम काढून प्रत्येकाच्या वेगळ्या पेशंट नंबरवर युनिक लावलं. मग वार्डात गेलो.

मारोतीभाऊनं विचारलं, "कुठले तुमी?"

"पूर्णेकडचा, तुमच्या चुडाव्याजवळचाच. कॉम्प्युटरवर असतो."

"मंग काय भ्या न्हाई. आपला माणूस हाय."

मी नमस्कार करून परत कॉम्प्युटरपाशी आलो. तुमी असता तर त्याला खरं सांगितलं असतं का?