एकमेकींच्या पोरी घ्यायच्या नाहीत

फोन वाजला तेव्हा माझ्या दातात दोरा होता, एका बाईच्या भुवया करत होते. मॅडमनी फोन घेतला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणाल्या, "रेखा, तू आधी बस." मी बसलेच नाय... द्वारकेच्या चौकात हायवे ओलांडताना मंगलताईला ट्रकनं उडवलं होतं.

मंगलताई माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तिच्या नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्यातच राह्यची, नाशकात सिडकोत. मी नववीतून शाळा सोडलेली, मला पार्लरचं काम तिनंच शिकवलं. "माझ्या पायावरच्या केसांवर शिक गं बाई, लोकांच्या भुवया नको उडवू," म्हणायची आन् हसायची. दोघी नाशिकरोडच्या पार्लरला जायचो, दोन बस, मधे द्वारकेला उतरून पलीकडं पळायचं. माझी पोरगी सव्वा वर्षाची, दिवसभर शेजारणीकडं.

आन् त्याच नावाचं पार्लर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उघडलं! ताई तर नाचलीच. पण तिथली मॅडम म्हणाली, "तुझा हात मला माहितीये गं, पण घेता येत नाही." नाव एकाच कंपनीचं, पण दर दुकानाची मालकीण वेगळी, आन् सगळ्या मालकिणींनी कंपनीला लिहून दिलेलं, एकमेकींच्या पोरी घ्यायच्या नाहीत. काम सोडून सहा महिने घरी बसलं तरच. घरी बसून खायचं काय?

"आपण काय बाजारातल्या म्हशी हाय का," ताई म्हणाली, "ह्यांनी दावी वाटून घ्यायला?"

मेंदी लावायला एक वकीलबाई यायच्या, त्यांना तिनं हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या कागदावर तुझी सही आहे का? नाही ना. मग तो तुला बांधत नाही. नोकरी सोडलीस की कुठंही काम कर, कायदा कुणाला तुला अडवू देत नाही. फक्त... त्या बाईनं तुला घेतलंच पाहिजे, असं मी कोर्टातून आणून देऊ शकत नाही."

हातातलं सोडावं तर पुढची घेईल का, पुढचीला विचारावं तर ती म्हणते आधी सोडून बस. असं वर्ष गेलं. त्या दिवशी सकाळी ताई परत सिडकोच्या मॅडमला विचारायला गेली, मला म्हणाली तू हो पुढं. तिथं परत 'नाही'च ऐकायला मिळालं, उशीर झाला, लेट मार्क नको म्हणून पळाली असंल... मी थांबायला पाहिजे होतं.

ताईला जाऊन दीड महिना झाला. मी अजून तिथूनच ओलांडते. पोरीचं तोंड दिसतं, मला काय झालं तर तिला कोण...

परवा मॅडम म्हणाल्या, तिचा खण मोकळा कर, नवी मुलगी येतीये. पावडरचा डबा, कंगवा, कंगव्यात तिचे दोन केस. खाली घडी घातलेला कागद. ताईचा राजीनामा. निळ्या पेनानं, गोल गोल अक्षर, सही केलेली, तारखेची जागा तेवढी मोकळी. कधीचा लिहून ठेवलेला काय माहीत.

मला असलं हापिसातलं लिहिता येत नाय. तिचा कागद पुढं धरून एकेक अक्षर उतरवलं, नाव तेवढं माझं घातलं. सिडकोची मॅडम घेईल का नाय, ठाऊक नाय. लय भ्याव वाटतं. पण तारीख टाकली, आन् आमच्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.