शुभेच्छुकांच्या रांगेतला तिसरा

काळेवाडीतल्या आमच्या गल्लीतलं गटाराचं चेंबर दोन महिने तुंबलेलं होतं. आम्ही तळमजल्यावर. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी काळं पाणी, त्यात कुणाच्या तरी घरचा भात, शाम्पूच्या पुड्या आणि ज्याचं नाव घेतलं तर आई आजही ओरडेल ते सगळं. आईनं बाहेर विटा टाकल्या होत्या. त्यांच्यावरून उड्या मारत वडील कुरुळीच्या कंपनीत जनरल शिफ्टला जायचे आणि नंतर मी कॉलेजला. बुटाला काहीतरी लागलेलंच असायचं. मला ह्या शहराची किळस यायची आणि त्या किळसेचे मी मीम बनवायचे.

माझं एक पेज होतं. शहरातले खड्डे, ट्रॅफिक, आयटीवाल्यांचे नखरे आणि मुख्य म्हणजे पुढारी. अ‍ॅडमिन कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कमेंटमध्ये सगळे 'एक नंबर भावा', 'भावा तोडलंस' असं लिहायचे. अ‍ॅडमिन मुलगी असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि मीही येऊ दिलं नाही. मुलगी म्हटल्यावर खाली काय काय लिहितात ते मी दुसऱ्यांच्या पेजवर वाचलं होतं.

राजकारणाचा मला वीट आला होता तो फ्लेक्समुळे. पक्ष कुठला ते विचारू नका, फ्लेक्स उतरायच्या आत तो बदललेला असतो. आमच्याकडे रोज कुणाचा तरी वाढदिवस. सिग्नल झाकला तरी चालेल, भाऊंचे दात दिसले पाहिजेत. वर भावी नगरसेवक, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचं तोंड वाटीएवढं. फ्लेक्सवाला सगळ्या मुंड्यांना एकच पांढरा शर्ट चढवतो, रंग उजळ करतो, केस काळे करतो. मग सगळे एकाच आईची लेकरं दिसतात. स्वतःहून कुणाच्या पायाशी असं ओळीनं चिकटून बसायचं, ह्याची मला त्या चेंबरपेक्षा जास्त शिसारी यायची.

रहाटणीच्या चौकातल्या अशाच एका फ्लेक्सचा फोटो कुणीतरी पेजवर पाठवला. मी भाऊंना कापून टाकलं, नुसती खालची रांग ठेवली आणि प्रत्येक तोंडाला बाण काढून एकेक ओळ लिहिली. पहिल्याला लिहिलं, 'भाऊंची गाडी पुसतो.' दुसऱ्याला, 'मागच्या महिन्यात समोरच्या पक्षाच्या फ्लेक्सवर होता.' तिसऱ्याला काय लिहावं सुचेना. साधासा माणूस होता, कसनुसा हसणारा. त्याला लिहिलं, 'घरी कुणी विचारत नाही, म्हणून चौकात लटकलाय.'

ते मीम असं पसरलं की विचारू नका. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये वर्गातल्या एका मुलानं ते मलाच दाखवलं. तिसऱ्याची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली आणि टेबल वाजवलं. मीही हसले. खरं सांगायचं तर मला फार भारी वाटलं होतं.

त्या दिवशी वडील संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले ते हातपाय न धुताच खुर्चीवर बसले. एरवी ते असं कधी करत नाहीत. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"बाई, हे बघ बरं. ह्याच्यात मी हाय."

"कुठं?"

त्यांनी तिसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

मी बघत राहिले. फ्लेक्सवाल्यानं त्यांना गोरं केलं होतं, गालावरचा डाग पुसला होता, पांढऱ्या मिशा काळ्या केल्या होत्या. पण उजवा कान तसाच राहिला होता, वरून जरा दुमडलेला. माझाही तसाच आहे. तेवढं मोठं करून, बाण काढून, त्या तोंडावर अर्धा तास घालवून मला तो कान दिसला नव्हता.

"तुम्ही फोटो कशाला दिलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"चेंबरसाठी," ते म्हणाले. "चारदा गेलो भाऊंच्या ऑफिसात. तिथलं पोरगं म्हणलं, काका, वाढदिवसाचा फ्लेक्स लागायलाय, फोटो देऊन ठेवा, आपला माणूस म्हणलं की काम लवकर होतंय. दिला. आता बसमधी सगळे वाचून दाखवायलेत. शेजारच्या शिटावरचे काका म्हणाले, काय वो, घरी खरंच कोन इचारत न्हाई व्हय?"

आई आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "ज्यानं लिहिलं त्याचे हात झडोत मेल्याचे."

मी माझ्या हातांकडे बघितलं नाही. आत जाऊन मीम डिलीट केलं, पण त्यानं काय होणार होतं? ते आता बसमधल्या प्रत्येक फोनमध्ये होतं. मला तेव्हा त्या भाऊंची किळस आली नाही, गटाराचीही नाही. माझी स्वतःची आली. वडिलांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

बाहेर आले तर ते वाट बघत होते. "तुला कळतंय ना ह्यातलं. हे ज्यानं बनवलंय त्या पोराला माझ्याकडून लिव्ह."

"काय लिहू?"

त्यांनी अर्ज सांगतात तसं सावकाश सांगितलं. "भाऊ, नमस्कार. बाकीच्यांचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर असंल. पण मला घरी विचारतेत. माझी मुलगी शिकायलीय, ती मला रोज विचारती, जेवलात का म्हणून. तेवढं आमचं काढून टाका."

मी ते माझ्या नावानं, माझ्याच पेजला पाठवलं. पेजला मेसेज आला म्हणून फोन हातातच थरथरला. मी तो अ‍ॅडमिन म्हणून उघडला.

"बघितलं का त्यानं?"

"बघितलं."

"काय म्हणला?"

"काहीच नाही."

"असू दे," वडील उठले आणि मोरीकडे वळले. "चांगल्या घरचं पोरगं असंल तर लाज वाटंल त्याला."